सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं? मग हृदयाकडे असं बघा

पित्ताशयात खडा आहे का हे बघायला सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण रिपोर्टच्या तळाशी 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' अशी ओळ आली. बहुतेक घरांत हा कागद थेट फाइलमध्ये जातो. तसं करू नका. फॅटी लिव्हर असलेल्या माणसांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण यकृत निकामी होणं नाही, हृदयविकार आहे.

यकृतात चरबी साठली की ते ट्रायग्लिसराइडने, म्हणजे एका प्रकारच्या चरबीने, भरलेले कण रक्तात जास्त सोडतं. त्यापाठोपाठ एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, घटतं. एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे, कण बारीक होतात आणि रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतात. शिवाय असं यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्यामुळे उपाशीपोटीही साखर सोडत राहतं.

१. आधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून पोटाचा घेर मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंमी आणि स्त्रियांसाठी ८० सेंमी ही मर्यादा धरतात. वजन बेताचं असूनही घेर जास्त असलेली माणसं आपल्यात पुष्कळ आहेत.

२. तपासण्या एकदमच करून घ्या. रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि चरबी), एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी). एचबीए१सी ५.७ किंवा जास्त असेल किंवा ट्रायग्लिसराइड १५० किंवा त्यापुढे असेल, तर डॉक्टरांशी हृदयाच्या धोक्याबद्दल स्पष्ट बोला. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. फॅटी लिव्हर असूनही ते नॉर्मल येऊ शकतं.

३. फिब-४ काढा. यकृत किती कडक झालंय याचा अंदाज देणारा हा आकडा. 'ग्रेड' फक्त चरबी सांगतो. यकृत कडक होतंय का, म्हणजे फायब्रोसिस आहे का, हे त्यातून कळत नाही. आणि फायब्रोसिस जितका जास्त, तितका हृदयाचाही धोका वाढतो. वयाला एसजीओटीने गुणा. प्लेटलेट हजारांत घेऊन त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. उदाहरणार्थ, वय ४८, एसजीओटी ५२, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २.१ लाख, म्हणजे २१० हजार: २४९६ भागिले १६८०, उत्तर जवळपास १.४९. हे १.३ च्या वर आहे, म्हणून फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीबद्दल, विचारावं. पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात. २.६७ च्या वर गेलं, तर यकृततज्ज्ञ गाठाच.

४. कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःहून बंद करू नका. हे मी कळकळीने सांगतो. एसजीपीटी थोडं वाढलेलं दिसलं की 'गोळीने लिव्हर बिघडलं' म्हणून लोक स्टॅटिन सोडून देतात. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन साधारणपणे सुरक्षित असतं आणि ज्या हार्ट अटॅकची भीती आहे, तो टाळायलाच ते दिलेलं असतं. फार पुढे गेलेल्या सिरोसिसची, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते कडक झाल्याची, गोष्ट वेगळी. तिथे निर्णय डॉक्टरांचा. उलट 'लिव्हर साफ करणारे' काढे मात्र जपून. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी कोरोनाकाळात नोंदवले आहेत.

५. वजन हळूहळू उतरवा. ५ टक्के घटलं तरी यकृतातली चरबी कमी होते. ७ ते १० टक्क्यांनी सूज ओसरते. ८० किलोच्या माणसाला ४ किलोपासून सुरुवात करता येते. शीतपेयं आणि पॅकबंद ज्यूस आधी बंद करा, मग चहातली साखर, फरसाण, बेकरीचे पदार्थ. उपवासाला साबुदाणा आणि बटाटा भरपेट खाऊन काही साधत नाही. ताटात भात अर्धा करून उसळ आणि भाजी वाढवा. दारू पूर्ण सोडलेली उत्तम. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला. वजन फारसं हललं नाही तरी चालण्याने यकृतातली चरबी कमी होते.

चालताना किंवा जिना चढताना छाती भरून येत असेल, धाप लागत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. विश्रांतीत काढलेला ईसीजी चांगला आला, तरी तेवढ्यावर थांबू नका. स्ट्रेस टेस्ट (चालवून काढलेला ईसीजी) किंवा टूडी इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) गरज आहे का, ते विचारा.