कमी खर्चात डिजिटल सूचनाफलक : आखणी आणि रोजचा कारभार

संस्थेत डिजिटल सूचनाफलक लावायचे ठरले की चर्चा बहुधा टीव्ही किती इंची घ्यायचा, इथूनच सुरू होते. मजकूर कोण बदलणार, कोणत्या दिवशी बदलणार आणि ती व्यक्ती रजेवर असेल तेव्हा कोण पाहणार, या तीन प्रश्नांची नावानिशी उत्तरे मिळेपर्यंत खरेदीचा कागद पुढे सरकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्रे आता आवाक्यात आली आहेत. जमवायला अवघड असतो तो दर आठवड्याला कोणाचा तरी अर्धा-पाऊण तास. होऊन गेलेल्या कार्यक्रमाचे निमंत्रण दोन आठवडे झळकत राहिले, की लोक त्या फलकाकडे पाहणे सोडतात, आणि मग त्यावर खरोखर महत्त्वाची सूचना आली तरी ती कोणाच्या नजरेस पडत नाही.

जबाबदारी ठरली की जागा पाहावी. लोक जिथून नुसते जातात आणि जिथे थांबतात, त्या दोन जागांना दोन वेगळे फलक लागतात. मार्गिकेत माणसाची नजर तीन-चार सेकंद मिळते. तिथे एका वेळी एकच वाक्य पोचते. प्रतीक्षाकक्षात तीच व्यक्ती पंधरा मिनिटे बसून असते, त्यामुळे तिथे सूचनांचा फेरा लांब चालतो. पण तो दोन-तीन मिनिटांत पुन्हा पहिल्या सूचनेवर यावा, म्हणजे उशिरा आलेल्यालाही सगळे वाचता येते. निवडलेल्या भिंतीपाशी सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर असे तीनदा उभे राहून पाहावे. समोर खिडकी असेल तर काचेवरची तिरीप मजकूर गिळून टाकते, आणि त्यावर जास्त उजेडाचा महागडा टीव्ही घेण्यापेक्षा शेजारची भिंत निवडणे केव्हाही स्वस्त पडते.

अक्षर किती मोठे असावे याचा हिशेब कागदावर करता येतो. वाचणारा तीन मीटरवर असेल तर अक्षराची उंची सुमारे २.५ सेंटिमीटर असावी, असा एक ढोबळ नियम आहे. सहा मीटरवर ती ५ सेंटिमीटर होते. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ५३ सेंटिमीटर उंच असतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, तर खाली उकार येतात, त्यामुळे ५ सेंटिमीटरच्या अक्षराच्या ओळीला जवळजवळ १० सेंटिमीटर जागा द्यावी लागते. म्हणजे त्या पडद्यावर जेमतेम पाच ओळी मावतात. कार्यालयीन परिपत्रकाचे पान जसेच्या तसे पडद्यावर टाकणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. संगणकातला फाँटचा आकडा आणि अक्षराची प्रत्यक्ष उंची एक नसते, म्हणून पहिली सूचना लावल्यावर सरळ पट्टी घेऊन पडद्यावरचा ‘क’ मोजावा. जोडाक्षरे तुटत नाहीत ना, हेही तिथेच पाहावे. काही यंत्रांत देवनागरी फाँटच नसतो आणि अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. अशा वेळी ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ (Mukta) या नावांच्या फाँटसारखा मोफत फाँट यंत्रात बसवावा, अथवा सूचना चित्र म्हणून साठवून लावावी.

घरगुती टीव्ही चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. दिवसाचे आठ-दहा तास, आडवा आणि इमारतीच्या आत लावायचा असेल तर बहुतेक ठिकाणी चालतो. चोवीस तास चालवायचा असेल किंवा उभा लावायचा असेल, तर त्यासाठी बनवलेला व्यावसायिक डिस्प्ले घ्यावा, कारण घरगुती टीव्हीची उष्णता बाहेर टाकण्याची रचना आडव्या ठेवणीसाठी असते. संस्थेतल्या वापराला वॉरंटी लागू आहे की नाही, तेही खरेदीपूर्वी वाचून घ्यावे. ओलेड (OLED) प्रकारच्या पडद्याचा टीव्ही मात्र या कामाला घेऊ नये. एकच बोधचिन्ह एकाच कोपऱ्यात महिनोन्‌महिने राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो.

मजकूर दाखवण्याची सर्वांत स्वस्त सोय म्हणजे टीव्हीच्या मागे लावलेला पेनड्राइव्ह. एकच फलक असेल आणि महिन्यातून एकदा बदल होत असेल, तर याहून अधिक काही करू नये. बदल दर आठवड्याला होत असेल तर रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक आणि त्यावर अँथियास हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पुरते. नेटवर्कवरच्या कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमधून चित्र, व्हिडिओ किंवा वेबपान त्यावर चढवता येते आणि प्रत्येकाला सुरुवातीची व शेवटची तारीख देता येते. मात्र तिथे प्रत्येक फलकाचा कारभार वेगळा पाहावा लागतो. पाच-दहा फलक एका जागेवरून चालवायचे असतील तर झिबोसारखी (Xibo) प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे सगळ्या फलकांना मजकूर पुरवणाऱ्या मुख्य संगणकावर, बसवता येते. तिचे सर्व्हरचे सॉफ्टवेअर आणि विंडोजवरचा प्लेअर, म्हणजे फलकावर मजकूर दाखवणारा प्रोग्रॅम, मोफत आहे, अँड्रॉइडच्या प्लेअरला परवाना विकत घ्यावा लागतो. सर्व्हर सांभाळणारा माणूस संस्थेत नसेल, तर मोफत सॉफ्टवेअर महाग पडते, हेही धरून चालावे.

बसवताना घात करतात त्या बारीकसारीक गोष्टी. एका संस्थेत मी लावलेला फलक रोज दुपारी एकच्या सुमारास आपोआप बंद पडत असे. आम्ही केबल बदलली, संगणक बदलला, वायरमनलाही बोलावून झाले. शेवटी कळले की चार तास रिमोटला कोणी हात लावला नाही तर टीव्ही स्वतःच बंद होण्याची सोय त्याच्या सेटिंगमध्ये चालू होती आणि फलक रोज नऊला सुरू होत असे. तेव्हापासून मी टीव्ही खोक्यातून काढला की आधी ती सोय बंद करतो आणि पडद्याच्या कडा कापल्या जात असतील तर चित्र मूळ मापात आणतो. छोट्या संगणकाला वीज टीव्हीच्या यूएसबीमधून देण्याचा मोहही टाळावा. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. टीव्हीचे यूएसबी सहसा तेवढे देत नाही, आणि टीव्ही बंद केला की संगणकाचीही वीज जाऊन मेमरी कार्ड बिघडण्याची शक्यता वाढते. याच संगणकात स्वतःचे घड्याळ नसते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसले, तर तारीख चुकते आणि तारखांवर बेतलेल्या सूचना गोंधळतात. शक्य असेल तिथे वायफायऐवजी केबल ओढावी, आणि तयार केलेले एक जादा मेमरी कार्ड कपाटात ठेवावे. सुरुवातीचा पासवर्ड बदलल्याशिवाय फलक चालू करू नये. सार्वजनिक पडद्यावर कोणीतरी खोडसाळ मजकूर टाकला तर नामुष्की संस्थेचीच होते.

रोजच्या कारभारात एक नियम कडक ठेवावा : शेवटची तारीख नसलेली सूचना चढवायची नाही. एखादी सूचना किती सेकंद ठेवावी हे ठरवताना ती मोठ्याने, सावकाश दोनदा वाचावी. जितका वेळ लागेल तितका द्यावा. गडद पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर किंवा त्याच्या उलट, एवढ्यावर भागते. फोटोवर छापलेला मजकूर लांबून वाचता येत नाही. व्यक्तींची नावे किंवा छायाचित्रे लावण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी.

विजेचा खर्च धसका घ्यावा असा नसतो. ८० वॅटचा टीव्ही १२ तास चालला तर दिवसाला एका युनिटहून किंचित कमी वीज लागते. तरीही सुट्टीच्या दिवशी रिकाम्या दालनाला सूचना दाखवण्यात अर्थ नाही, म्हणून टायमर लावावा.

सगळे झाले की एका चिठ्ठीवर बिघाड झाल्यास कोणाला कळवायचे आणि कोणते बटण आधी दाबायचे हे लिहून ती टीव्हीच्या कडेला, उभ्या माणसाला वाचता येईल अशी चिकटवावी. फलक बंद पडल्यावर पहिल्यांदा तिथे पोचतो तो बहुधा शिपाई असतो, आणि त्याच्याकडे या प्रणालीचा पासवर्ड नसतो.