टेक्नेशियमची धार कशी काढायची

न्यूक्लिअर मेडिसिनला (किरणोत्सारी औषध देऊन स्कॅन काढणारा विभाग) नवीन लागलात की सकाळी सकाळी सीनियर म्हणतो, जा, जनरेटर मिल्क करून ये, म्हणजे स्कॅनसाठी लागणारं किरणोत्सारी टेक्नेशियम त्यातून काढून आण. घाबरू नका, धारच काढायचीये, फक्त गाय शिशात बसवलेली असते. आत अल्युमिनाच्या (अल्युमिनियम ऑक्साइडच्या) कॉलमवर, म्हणजे भरलेल्या नळीत, मॉलिब्डेनम-९९ चिकटलेलं असतं, हाफ लाइफ (निम्मं व्हायला लागणारा वेळ) ६६ तास, आणि त्यातून टेक्नेशियम-९९एम बनत राहतं. ते ६ तासांत निम्मं होतं, म्हणून साठा करून ठेवायचा प्रश्नच नाही, रोज ताजं काढायचं.

आधी सलाइनची व्हायल एका सुईवर, मगच शिशाच्या भांड्यातली व्हॅक्यूम व्हायल दुसरीवर. उलटं केलंत तर व्हॅक्यूम नुसती हवा ओढण्यात जातो. सलाइन टेक्नेशियम धुऊन आणतं, मॉली (मॉलिब्डेनम) कॉलमला धरून बसतं. सलाइन संपलं म्हणून लगेच व्हायल उपटू नका, बुडबुडे येऊन कॉलम कोरडा होऊ दे, ओला राहिला तर पुढची धार कमी येते.

मग डोस कॅलिब्रेटरवर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) मोजा आणि वेळ लिहा, वेळ न लिहिलेला आकडा म्हणजे काहीच नाही. तीच व्हायल जाड शिशाच्या डब्यात घालून परत मोजा, टेक्नेशियमचे १४० केईव्ही ऊर्जेचे गॅमा किरण आतच अडतात, मॉलीचे ७४० वाले आरपार येतात, म्हणजे मॉली गळालं का ते कळतं. १ मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त मॉली असेल तर पेशंटला द्यायचं नाही. कॉलममधलं अल्युमिनियम धारेत उतरलंय का ते दाखवणारी पट्टी पण बघा, कंटाळा करू नका.

सुट्टीनंतर खरी गंमत. तीन दिवस गायीला हात लावला नाही की आत ९९एम मरून साधं ९९ साठतं, केमिस्ट्री तीच, त्यामुळे औषधाच्या किटमधलं स्टॅनस (टेक्नेशियमला औषधाशी जोडायला मदत करणारं कथील) तेच खाऊन टाकतं आणि लेबलिंग, म्हणजे ही जोडणी, बिघडतं. ब्रेन स्कॅनच्या एचएमपीएओ या औषधाला तर मागच्या २४ तासांत धार काढलेल्याच जनरेटरचं लागतं. म्हणजे ही पहिली धार चिकासारखी बाजूला, पण खरवस होत नाही.

बाय द वे, आवर्तसारणीतली टेक्नेशियमची ४३ नंबरची जागा ती मांडणाऱ्या मेंडेलीव्हपासून रिकामी होती, १९३७ मध्ये इटलीतल्या पालेर्मोला सेग्रे आणि पेरिएर या शास्त्रज्ञांना हे सापडलं ते पण अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना वेग देणारं यंत्र) भाजलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यातच.

दुपारी इमर्जन्सी आली तर सकाळच्या धारेनंतर ६ तासांनी परत काढा, जवळपास निम्मं मिळतं. पूर्ण भरायला साधारण २३ तास लागतात, म्हणून रोजची वेळ एकच ठेवा.