शनिवार-रविवारचा मळा: आधी तोडणी, मग खुरपं

मळ्यात पोचलं की हात आपसूक खुरप्याकडे जातो. जरा थांबा, आधी तोडणी करा. भेंडी, गवार, काकडी आठवडाभर तशीच राहिली तर जून होते, आणि फळात बी पक्कं व्हायला लागलं की झाड नवी फळं कमी धरतं. म्हणून रविवारी निघताना बोटभर कोवळी भेंडीसुद्धा काढून घ्या. जीव हळहळतो खरा, पण पुढच्या शनिवारी दांडकी तोडण्यापेक्षा बरं.

पाणी सावकाश द्या, वीतभर खोल मुरेल असं. नुसता वरवर शिडकावा केला तर मुळंही वरच राहतात आणि बुधवारपर्यंत झाडं माना टाकतात. मग ओल्या मातीवरच वाळलेलं गवत किंवा पालापाचोळा ३-४ इंच पसरा. खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. बी धरलेलं गवत टाकलंत तर आपल्याच हाताने तण पेराल! नुकत्याच पेरलेल्या वाफ्यावर एवढा जाड थर नको.

कडक उन्हाळ्यात एवढ्याने भागत नाही, तेव्हा ठिबकला टायमर लावाच.

खुरपणीला वेळ कमी असेल तर फुलावर आलेलं तण आधी उपटा, बाकीचं पुढच्या खेपेला.