बापजाद्यांचं पाप आपल्या माथी येतं का? युथ मीटिंगमध्ये हा विषय घ्यायचा असेल तर

चर्चच्या युथ मीटिंगमध्ये कधी ना कधी एखादा पोरगा विचारतोच, दादा, आदमने फळ खाल्लं त्याला मी काय करू? आणि शेजारची लगेच म्हणते, मग गोव्याच्या इन्क्विझिशनचं (पोर्तुगीज काळातलं चर्चचं धर्मन्यायालय) कॉलेजात आपल्यालाच का ऐकवतात? दोन्ही प्रश्न एका दमात येतात नि लीडरची तारांबळ उडते. माझी उडाली होती, मी पहिल्यांदा "देवाची योजना असते" असं काहीतरी पुटपुटून सरळ गाणं सुरू केलं. तसं करू नका.

आधी दोन्ही प्रश्न सुटे करा. आदिपाप, म्हणजे आदमापासून सगळ्यांना लागलेलं पाप, ते वेगळं, आपल्या माणसांनी इतिहासात केलेला अन्याय वेगळा. यातला पहिला लवकर आटपतो. बायबलमधलं रोमकरांस पत्र ५:१२ काढा, एका माणसामुळे पाप नि मरण जगात आलं ते वचन. चर्चचा जुना मोठा विचारवंत ऑगस्टिन (३५४–४३०) हे लॅटिनमध्ये वाचत होता आणि त्याला तिथे "त्याच्यामध्ये सगळ्यांनी पाप केलं" असा अर्थ लागला, म्हणजे आदमाच्या आत आपण सगळेच होतो, पण मूळ ग्रीकचा अर्थ आज बरेच अभ्यासक "कारण सगळ्यांनीच पाप केलं" असा लावतात. ऑर्थोडॉक्स चर्च म्हणतं की मरण वारशाने आलं, आदमाचा दोष वारशाने आला नाही. कॅथलिक शिकवणीतही हे केलेलं पाप नाही, लागलेलं पाप आहे, साथ लागते तसं. जुन्या कॅल्विन परंपरेतले (प्रोटेस्टंटांतली एक शाखा) मात्र दोषही येतो म्हणतात, तुमच्या ग्रुपात कुणी तसं असेल तर त्याला बोलू द्या.

खरा वेळ दुसऱ्या प्रश्नाला ठेवा. ग्रुपचे दोन भाग करा. एकाला निर्गम २०:५, बापांच्या पापाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाते ते वचन, आणि यहोशवा ७ मधली आखानची गोष्ट द्या, चोरी एकट्याची आणि मेलं अख्खं घर. दुसऱ्याला अनुवाद २४:१६, बापाच्या पापासाठी मुलाला मारू नये ते वचन, आणि यहेज्केल संदेष्ट्याचा १८ वा अध्याय. मग भांडू द्या, मध्ये पडू नका. भांडण रंगलं की सांगा, यहेज्केल बाबेलच्या बंदिवासात बोलतोय, लोकांची म्हण झाली होती की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली नि पोरांचे दात आंबले, म्हणजे आमचं काहीच चुकलं नाही, सगळं आज्यांनी केलं. त्यावर तो म्हणतो, ज्याने पाप केलं तोच मरेल. आणि "तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत"चं काय? मी असं सांगतो की एका घरात एवढ्याच पिढ्या एकत्र नांदतात, आजा दारूत शेत घालवतो नि नातवाची शाळा सुटते. नातवाला फळ भोगावं लागलं, पण म्हणून नातू दारुड्या ठरत नाही.

इथे एक सावधगिरी. मत्तय २७:२५ मधलं "त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो" हे वाक्य शतकानुशतकं सगळ्या ज्यू लोकांना दोषी ठरवायला वापरलं गेलं. येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येत नाही, हे कॅथलिक चर्चने स्पष्ट लिहिलं ते १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. "दोष रक्तातून येतो" म्हणणाऱ्या पोराला हे जरूर सांगा.

अजून एक, पिढ्यांचा शाप तोडून देतो म्हणणारे प्रचारक. पितृदोषातून सुटलो आणि यात अडकलो अशी गत होते. पोलंडच्या बिशपांनी २०१५ मध्येच असा शाप तोडायच्या मिस्सांवर, म्हणजे कॅथलिक उपासनांवर, बंदी घातली. योहान ९ वाचा, जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, येशू म्हणतो कुणाचंच नाही.

मग जबाबदारी कसली? मी सातबारा काढतो. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं, तुम्ही काढलं नाही, तुम्ही गुन्हेगार नाही, पण जमीन नावावर करून घेतलीत तर इतर हक्कातला बोजा पण येतो. जमीन माझी आणि बोजा आज्याचा, असं तलाठी ऐकून घेत नाही. पोरांना हे दोन मिनिटांत कळतं, मला ऑगस्टिन वाचून कळलं नव्हतं.

मग उदाहरणं. जर्मन प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्टला कबुली दिली की आमच्यामुळे कित्येक देशांवर अपार दुःख ओढवलं. सही करणाऱ्यांत निमोलर नावाचा पाळक होता, जो स्वतः नाझी छळछावणीत राहून आला होता, तरी त्याने "आम्ही" म्हटलं. पण त्या कबुलीत ज्यूंचं नावच नाही. पोरांना विचारा, नाव न घेता माफी होते का? मग अमेरिकेतल्या जॉर्जटाउन कॉलेजचं सांगा. मेरीलँडच्या जेझुइटांनी (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) १८३८ मध्ये २७२ गुलाम माणसं विकली आणि त्यातला काही पैसा कॉलेजचं कर्ज फेडायला गेला, २०१७ मध्ये त्या विकलेल्या माणसांच्या वंशजांसमोर माफी मागितली गेली. बोजा कुणाच्या नावावर, ते इथे कागदावर दिसतं.

आता गोवा. इन्क्विझिशन १५६० ला सुरू, १८१२ ला बंद, मध्ये १७७४ ते १७७८ खंड. त्याचा मुख्य रोख बाप्तिस्मा झालेल्यांवर होता, घरात जुने रीतिरिवाज पाळतात म्हणून. म्हणजे ज्या गोवेकर पोराला टोमणे बसतात त्याचे पूर्वज न्यायाधीशापेक्षा आरोपी असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा वारस कशाचे, हे आधी बघा. हिंदूंची देवळं पाडली गेली हे मात्र झाकू नका.

आणि मग जवळचं, जात. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ च्या दलित धोरणात मान्य केलंय की चर्चमध्ये भेदभाव आहे. वेगळे बाक, वेगळी कब्रस्तानं, हे जुनं नाही हो. इथे बोलताना ग्रुपमध्ये कुणाची जात विचारायची नाही, कुणाला "तू सांग तुझा अनुभव" म्हणून उभं करायचं नाही. ज्याला बोलायचंय तो बोलेल.

शेवटी प्रार्थना घ्यायची तर नहेम्याचा पहिला अध्याय घ्या, "मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने पाप केलंय" वाला. पण त्याआधी जकातदार जक्कय वाचा, लूक १९:८, तो रडत बसला नाही, फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हणाला. आणि मग वहीत लिहून घ्या, कोण काय करणार, कुठल्या तारखेपर्यंत, कारण चहा-बिस्किटं आली की सगळे विसरतात.