गोठ्याचे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी शेवाळ आणि जिवाणूंचा हौद

गोठा धुतलेल्या पाण्यात आणि गोबर गॅसच्या स्लरीत नायट्रोजन मोठ्या प्रमाणावर अमोनियाच्या रूपात असतो. असे पाणी ओढ्यात सोडले तर मासे मरतात, आणि जमिनीत मुरले तर विहिरीत नायट्रेट वाढते. अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना १ ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. पाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरचे वीजबिल भरून मिळणारा हा ऑक्सिजन शेवाळ उन्हात फुकट तयार करते.

हौद मोकळ्या उन्हात आणि उथळ, म्हणजे साधारण २४ सेंमी खोल असावा. स्लरी गाळून, निवळून आणि पातळ करूनच घालावी, कारण काळ्या पाण्यात ऊन शिरत नाही. वीतभर खोल बुडवलेली पांढरी बशी दिसली पाहिजे. विरजणासाठी तळ्यातले हिरवे पाणी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला जिवंत गाळ घालावा आणि पाणी गर्द हिरवे होईपर्यंत थांबावे.

त्यानंतरचा रोजचा क्रम मी संध्याकाळी ठेवण्याचा आग्रह धरतो. दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, पीएच ९ च्या वर जातो आणि अमोनिया वायुरूप होऊन नाकाला झोंबतो; हा मुक्त अमोनिया शेवाळ आणि जिवाणू दोघांनाही घातक असतो. म्हणून दिवसभर संथ ढवळल्यानंतर सूर्यास्ताला ढवळणे थांबवावे, अर्ध्या तासाने वरचे ३ सेंमी निवळ पाणी काढावे, तेवढेच नवे सांडपाणी घालावे आणि मिसळण्यापुरते ढवळून हौद रात्रभर शांत ठेवावा. अंधारात ऑक्सिजन संपला की दुसरे जिवाणू ताज्या सांडपाण्यातल्या सेंद्रिय कार्बनावर जगून उरलेल्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात.

तळाशी बसलेला हिरवट-तपकिरी गाळ हीच खरी पुंजी आहे. नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात, त्यामुळे तो सगळा उपसून टाकू नये. दाट झाला तरच थोडा काढून कंपोस्टमध्ये घालावा.

अमोनिया आणि नायट्रेट मत्स्यपालनाच्या चाचणी किटने आठवड्यातून दोनदा तपासावेत. अमोनिया साचत असून पीएच ७ च्या खाली गेला असेल, तर नायट्रेट होताना पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, संपली आहे असे समजावे आणि खाण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. पावसाळ्यात आभाळ भरलेले असताना सांडपाणी निम्मेच घालावे.