परदेशी कर्जाच्या प्रकल्पात खरेदी करताय? या चुका टाळा

साहेबांनी टिपणीच्या समासात हिरव्या शाईने एकच ओळ लिहिली होती : ‘एल-वनला वाटाघाटीसाठी बोलवावे.’

सरकारी खरेदीत उभी हयात गेलेल्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. एल-वनला, म्हणजे सर्वांत कमी दरवाल्याला, बोलवायचं, चहा पाजायचा, आणखी दोन टक्के खाली आणायचं आणि शासनाची बचत झाली असं टिपणीत लिहायचं. पण ती निविदा जागतिक बँकेच्या कर्जातली होती. आमच्या प्रकल्पाच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलं होतं की बँकेच्या पूर्वसंमतीशिवाय कोणत्याही निविदाकाराशी दराची वाटाघाट करायची नाही, सर्वांत कमी दरवाल्याशीसुद्धा नाही. मी खरेदी कक्षात नवा होतो आणि तो परिच्छेद मी वाचला नव्हता. पत्र निघालं, ठेकेदाराने दोन टक्के कमी केलेही. काही महिन्यांनी बँकेच्या पश्चात तपासणीत नेमकी तीच नस्ती (फाईल) नमुन्यात निघाली. त्या दोन टक्क्यांचं कौतुक कोणी केलं नाही. प्रश्न उभा राहिला तो अख्ख्या कराराचा. खरेदी ठरलेल्या पद्धतीने झाली नाही असं बँकेने जाहीर केलं, तर तेवढी रक्कम कर्जातून रद्द होऊ शकते आणि मग बिल राज्याच्या तिजोरीवर येतं. आम्ही तीन खुलासे पाठवले, ताकीद मिळाली, सुटलो.

हे लिहितोय ते प्रकल्प कार्यालयात अकरा महिन्यांच्या करारावर आलेल्या किंवा कृषी, पाणीपुरवठा, बांधकाम अशा खात्यांतून प्रतिनियुक्तीवर पाठवलेल्या खरेदी तज्ज्ञांसाठी. महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचं पुनर्वसन, पुढे ग्रामीण पाणीपुरवठ्याचा जलस्वराज्य, मुंबईचा नागरी वाहतूक प्रकल्प, अलीकडचा पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प), सगळीकडे जागतिक बँकेचा पैसा आहे. तरी प्रत्येक नव्या प्रकल्पात त्याच चुका नव्याने होतात. माझ्या अनुभवात त्यांतल्या फार थोड्या खाबूगिरीच्या असतात. बाकी सगळ्या सवयीच्या. टेबलावर नियमपुस्तकं दोन असतात आणि हात आपोआप जुन्याकडे जातो.

कोणतं पुस्तक, तेच न बघणं

राज्याच्या खात्यांना १ डिसेंबर २०१६ चा खरेदीचा शासन निर्णय पाठ असतो. त्याच वर्षी जुलैमध्ये जागतिक बँकेने आपली जुनी मार्गदर्शक तत्त्वं बाजूला ठेवून नवी खरेदी नियमावली लागू केली आणि त्यानंतर तिच्या अनेक सुधारित आवृत्त्या आल्या. आपल्या प्रकल्पाला त्यातली कोणती आवृत्ती लागू आहे, हे इंटरनेटवर शोधून कळत नाही. ते कर्जाच्या कागदपत्रांतच लिहिलेलं असतं. कर्जकरार केंद्र सरकार आणि बँकेत होतो, राज्याशी वेगळा प्रकल्प करार होतो. रुजू झालात की पहिल्या दिवशी हे दोन्ही मागून घ्या. अनेक कार्यालयांत ते लेखाधिकाऱ्याच्या कपाटात बंद असतात आणि ‘ते पैशांचं आहे, तुमचं काय काम?’ असं उत्तर मिळतं. तरी घ्या.

आणि एका कर्जदात्याकडचं शिक्षण दुसऱ्याकडे चालेल असं समजू नका. मुंबईची भुयारी मेट्रो-३ आणि अटल सेतू जपानच्या जायका या सरकारी संस्थेच्या कर्जातून झाले, नागपूर मेट्रोत जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेचा पैसा आहे. प्रत्येकाचे नमुने वेगळे, कुठे आधी विचारायचं आणि कुठे नंतर दाखवायचं याच्या मर्यादाही वेगळ्या.

‘तीनच हव्यात’

वाटाघाटीखालोखाल सर्वाधिक घोळ इथे होतो. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर, लिफाफे उघडले, दोनच निविदा निघाल्या, की कक्षातलं कोणीतरी लगेच म्हणतं, ‘तीन नाहीत, मुदतवाढ द्या.’ हात जुन्या पुस्तकाकडे गेला तो असा. बँकेच्या नियमांत निव्वळ संख्येवरून स्पर्धा झाली नाही असं ठरवत नाहीत. जाहिरात नीट झाली होती का, अटी अकारण जाचक नव्हत्या ना, दर बाजाराशी सुसंगत आहे का, एवढं तपासायचं. उत्तरं समाधानकारक असतील तर एकच निविदा आली तरी ती ग्राह्य धरता येते. मात्र ही तपासणी मूल्यमापन अहवालात लिहिलेली हवी. ‘दर रास्त वाटतो’ या तीन शब्दांना काही किंमत नाही. मागच्या वर्षीचा करार, दोन पुरवठादारांची दरपत्रकं, दरसूचीतला दर, यांतलं काहीतरी शेजारी लावा.

याच जातीच्या आणखी दोन सवयी आहेत. अंदाजपत्रकापेक्षा अमुक टक्क्यांहून वर किंवा खाली गेलेली निविदा आपोआप बाद करणं, ही एक. बँकेला असा ठरीव पट्टा चालत नाही. फारच खालचा दर असेल तर निविदाकाराकडून दराचं पृथक्करण लेखी मागवायचं, ते तपासायचं आणि मग निर्णय घ्यायचा. दुसरी सवय जिल्ह्यातल्या किंवा खात्याकडे नोंदणी असलेल्या ठेकेदारांनाच भाग घेऊ देण्याची. लघुउद्योगांसाठीची दरातली पसंतीही अशा निविदांत बहुतेक वेळा बसत नाही. स्थानिक पुढाऱ्याचा फोन येतो, ‘आमच्या पोरांनी काय करायचं?’ प्रश्न खोटा नाही. पण त्याचं उत्तर प्रकल्प आखताना, लोकसहभागाच्या कामांची तरतूद करून द्यायचं असतं. निविदा निघाल्यावर ते देता येत नाही.

तांत्रिक तपशील कोणी लिहिला?

एका जिल्हा कार्यालयाकडून हवामान मोजणाऱ्या उपकरणांचा तांत्रिक तपशील वर्ड फाईलमध्ये आला. वाचायला उत्तम, जरा जास्तच उत्तम. वजन ग्रॅममध्ये, खोक्याची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, स्क्रीनचा रंगसुद्धा दिलेला. शंका आली म्हणून फाईलची प्रॉपर्टीज उघडली. लेखकाच्या जागी एका पुरवठादार कंपनीचं नाव होतं. पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला फोन केला तर तो निरागसपणे म्हणाला, ‘अहो, त्यांनी फुकट करून दिलं. आपल्याकडे कोणाला एवढं येतं?’

त्याचं चुकलं असं तोंडावर म्हणणं मला जमलं नाही, कारण खरंच आपल्याकडे कोणाला येत नव्हतं. पण ज्याने तपशील लिहिला त्यालाच तो माल विकू देणं हा हितसंबंधांचा संघर्ष आहे, आणि बाकीचे निविदाकार तो पहिल्या वाचनात ओळखतात. आम्ही कृषी विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांना बसवलं. रंग, खोक्याची मापं, वजन सगळं काढलं. राहिलं ते एवढंच : किती अचूक मोजायला हवं, कोणत्या तापमानात चालायला हवं, बॅटरी किती दिवस टिकायला हवी, बिघडलं तर किती तासांत माणूस यायला हवा. ब्रँडचं नाव घेतल्याशिवाय समजतच नसेल तर ‘किंवा समतुल्य’ लिहा, आणि समतुल्य कशावरून ठरवणार तेही लिहा. नाहीतर ते दोन शब्द नुसते शोभेचे.

वैधता आणि आचारसंहिता

निविदा उघडली, मूल्यमापन झालं, प्रस्ताव मंत्रालयात गेला आणि निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद झाली. आता कार्यादेश देता येत नाही. सगळे निवांत. आणि याच निवांतपणात निविदेची वैधता, म्हणजे निविदाकार आपल्या दराला बांधील असतो ती मुदत, संपते.

वैधता संपलेली निविदा मेलेली असते. तिला मागाहून मुदतवाढ देता येत नाही. मुदतवाढीचं पत्र वैधता संपण्याआधी जायला हवं आणि निविदाकाराची लेखी संमतीही त्याआधीच यायला हवी. आमच्याकडच्या अटींप्रमाणे पहिली मुदतवाढ चार आठवड्यांहून जास्त असेल तर, आणि त्यानंतरची प्रत्येक, बँकेच्या पूर्वसंमतीने. शिवाय बयाणा रकमेची बँक हमी निविदेच्या वैधतेनंतर आणखी २८ दिवस चालू असावी लागते. म्हणजे वैधता वाढवली की हमीही वाढवून घ्यायची. हे दुसरं काम हमखास विसरलं जातं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर प्रत्येक निविदेची वैधता संपायच्या तीन आठवडे आधी लाल खूण करतो. संगणकात सगळं आहे, पण संगणक उघडावा लागतो, भिंत समोरच असते.

हमी आली की ती देणाऱ्या शाखेकडून स्वतंत्रपणे खातरजमा करा. खातरजमेचं पत्र ठेकेदाराच्या माणसाच्या हाती देऊ नका. खोट्या हम्या इतक्या देखण्या असतात की खऱ्या त्यांच्यापुढे फिक्या वाटाव्यात.

मूल्यमापनात हौस

निविदा उघडल्यावर नवा निकष लावायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी समितीत एखादे सदस्य म्हणतातच, ‘या कंपनीचा विदर्भातला अनुभव बघूया की.’ अट निविदेत नसेल तर बघायचा नाही, विषय संपला.

उलट बाजूची चूक जास्त होते. किरकोळ कारणावरून चांगली निविदा बाद होते. पानांवर क्रमांक नाहीत, एका प्रतीवर शिक्का राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात किमान मुद्रांक शंभरावरून पाचशेवर गेला, त्यानंतर शंभराच्या मुद्रांकावर आलेलं प्रतिज्ञापत्र म्हणून एक निविदा बाद करायची सूचना माझ्यासमोर आली होती. ती सर्वांत स्वस्त होती. विचारायचं एवढंच की या त्रुटीमुळे कामाची व्याप्ती, दर्जा, दर किंवा कोणाची जबाबदारी बदलते का? बदलत नसेल तर लेखी स्पष्टीकरण मागवा, कागद बदलून घ्या. दर मात्र बदलू देऊ नका.

सल्लागार संस्था निवडताना, जिथे गुणवत्ता आणि किंमत दोन्हींना गुण असतात, तिथे तिन्ही परीक्षकांचे गुण दशांशापर्यंत सारखे आले तर तपासणाऱ्याला कळतं की तक्ता एकानेच भरला आणि दोघांनी सह्या केल्या. मतभेद असू द्या, कारणं लिहा.

दहा दिवस म्हणजे किती?

निवड झाली की लगेच कार्यादेश देण्याची घाई असते. बँकेच्या नियमांत त्याआधी सर्व निविदाकारांना निवडीच्या इराद्याची सूचना द्यायची आणि किमान १० कामकाजाचे दिवस थांबायचं. हरलेल्याला ३ कामकाजाच्या दिवसांत खुलासा मागता येतो, आपण तो ५ दिवसांत द्यायचा. तक्रार आलीच तर ३ दिवसांत पोच आणि निवडीविरुद्धच्या तक्रारीला १५ दिवसांत उत्तर, हेही सगळे कामकाजाचे दिवस. एकच निविदा आली असेल तर हा थांबा लागत नाही.

राज्य शासनाचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आहे, म्हणजे शनिवारही मोजायचा नाही. दिवाळीच्या तोंडावर सूचना काढलीत तर दहाचे जवळजवळ वीस होतात. एका सहकाऱ्याने शनिवार धरून मोजणी केली आणि मंगळवारऐवजी शुक्रवारी कार्यादेश दिला. हरलेल्या कंपनीची तक्रार सोमवारी आली. पुढचे अडीच महिने तो गृहस्थ फक्त खुलासेच लिहीत होता.

मार्चचं खूळ

आपल्या अंगात ३१ मार्च भिनलेला असतो. परदेशी कर्जात खरी तारीख प्रकल्प बंद होण्याची. त्या तारखेपर्यंत माल पोचलेला, काम झालेलं असायला हवं. नंतर साधारण चार महिने मिळतात, ते झालेल्या कामाचा हिशेब मागण्यासाठी. शेवटच्या वर्षात पुरवठ्याला नऊ महिने मुदत देणारी निविदा काढू नका, बसवणं आणि चाचणी त्यात धरलेली नसते. आणि मोठ्या खरेदीचे तुकडे पाडून ती छोट्या पद्धतीत बसवण्याचा मोह याच काळात होतो. दोन महिन्यांत एकाच वस्तूची चार दरपत्रकं, चारही मर्यादेच्या जरा खाली, हे तपासणीवाल्याला पहिल्या तासात दिसतं.

चूक होऊन गेली असेल तर

निविदा उघडायच्या आत सापडली तर सोपं आहे : शुद्धिपत्रक काढा, तयारीला वेळ कमी पडत असेल तर मुदतही वाढवा. निविदापूर्व बैठकीत तोंडी दिलेलं उत्तर शुद्धिपत्रकात किंवा इतिवृत्तात येऊन सगळ्यांना मिळालं पाहिजे, नाहीतर ते दिलेलंच नाही.

उघडल्यावर सापडली तर बँकेच्या खरेदी अधिकाऱ्याला तपासणीची वाट न बघता स्वतःहून कळवा. काय झालं, कधी लक्षात आलं, परिणाम काय, आता काय करणार, एका पानात. मागची तारीख टाकून टिपणी तयार करू नका. बँकेच्या ‘स्टेप’ या ऑनलाइन प्रणालीत कोणता कागद कधी चढवला याची नोंद राहते. जानेवारीचा अहवाल जूनमध्ये चढलेला दिसला की पुढचा प्रश्न तुम्हालाच येणार.

करारावर सही करायच्या दिवशी कंपनीचं नाव बँकेच्या बंदी घातलेल्या संस्थांच्या यादीत पुन्हा एकदा शोधा आणि त्या पडद्याचं चित्र तारखेसकट नस्तीत लावा. २०१० पासून पाच मोठ्या विकास बँका एकमेकींची बंदी मानतात, त्यामुळे आशियाई विकास बँकेच्या कामात सापडलेली कंपनी इथेही अडते. निविदा भरताना स्वच्छ असलेलं नाव मधल्या चार महिन्यांत यादीत गेलेलं मी पाहिलं आहे.

आणि हिरव्या शाईचं काय? आता मी नस्ती वर पाठवण्याआधी कर्जाच्या कागदपत्रांतला तो परिच्छेद छापून, मराठीत दोन ओळींत समजावून, पिवळा झेंडा लावून टिपणीच्या वरच ठेवतो. गेल्या खेपेला शेरा आला, ‘पाहिले. चर्चा करावी.’ मी करार काखेत मारला आणि जिना चढलो.