बाउलर हॅट घ्यावी कशी, दुरुस्त करावी कशी आणि नागपूरच्या हवेत जपावी कशी

बाउलर हॅट म्हणजे गोल घुमटाची कडक इंग्रजी टोपी. ती जितकी फेल्टची असते तितकीच लाखेची असते. ससा, रानससा किंवा बीव्हर यांच्या केसांचा दाबून बनवलेला फेल्ट घेतात, त्यात लाखेचे द्रावण मुरवतात आणि साच्यावर चढवून कडक करतात. पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर किडे जी लाख करतात तीच ही लाख. गोंदियाकडच्या जंगलांना ती काही नवी नाही. लाख उष्णतेने मऊ पडते, स्पिरिटमध्ये विरघळते, क्षारात सुटते आणि जुनी झाली की ठिसूळ होते. टोपीच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या चार गुणांत सापडते. म्हणून टोपीला हात लावण्याआधी एवढेच विचारा: याने लाखेचे काय होईल?

हा कडकपणा मुद्दाम आणलेला आहे. १८४९ मध्ये एडवर्ड कोक यांनी शिकारखान्यावरच्या रखवालदारांसाठी लंडनच्या लॉक अँड कंपनीकडे टोपी मागवली. घोड्यावरून जाताना झाडांच्या खालच्या फांद्या डोक्याला लागू नयेत, हा हेतू होता. लॉकसाठी ती टोपी थॉमस आणि विल्यम बाउलर यांनी बनवली. कोक यांनी टोपी जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय देऊन पाहिला आणि ती टिकली तेव्हाच पैसे मोजले, असे सांगतात. जुन्या टोपीवर ही परीक्षा करू नका. शंभर वर्षांची लाख काचेसारखी तडकते.

घेण्याआधी ओळख पटवा

आपल्याकडे जुन्या सामानात ‘साहेबाची टोपी’ म्हणून जे मिळते त्यात सोला हॅट पुष्कळ असतात. नागपूर मध्य प्रांताची राजधानी, शेजारी कामठीची छावणी, आणि इथल्या उन्हात साहेबाला सोला हॅटच बरी पडे. ती पाणवनस्पतीच्या भेंडाची असते, वर कापड चढवलेले असते आणि हातात घेतली की अगदी हलकी लागते. घोडेस्वारीच्या टोपीवर मखमल असते. हॉम्बर्ग नावाच्या टोपीच्या माथ्यावर मधोमध खाच असते. बाउलरचा घुमट मात्र गोल आणि अखंड असतो. काठ अरुंद, दोन्ही बाजूंना वर वळलेला आणि पुढे-मागे किंचित झुकलेला असतो. घुमटाच्या पायथ्याशी रेशमी चमकेची फीत असते, तिची गाठ डाव्या बाजूला. काठाच्या कडेलाही बहुधा तशीच फीत शिवलेली असते.

नाटकाच्या पोशाखासाठी बनवलेल्या टोप्या लोकरीच्या फेल्टच्या असतात. त्यांचा पृष्ठभाग खरबरीत, तंतू लांब आणि आत चामड्याऐवजी कापडी पट्टी असते. हौसेने घालायला त्या चालतील. संग्रहासाठी जास्त पैसे मोजू नका.

आता टोपी उलटी करा. आतली चामडी घामपट्टी बोटाने हळूच बाहेर वळवा. ठसे, मापाची चिठ्ठी, दुकानाचे नाव, सगळे तिथेच सापडते. लॉक (१६७६ पासून), क्रिस्टीज (१७७३ पासून), डन ही ब्रिटिश नावे वारंवार दिसतात. अमेरिकेत याच टोपीला डर्बी म्हणतात आणि तिकडच्या टोप्यांवर स्टेट्सन, नॉक्स किंवा डॉब्ज असे नाव असू शकते. नुसत्या नावावर भाळू नका, कारण घामपट्टी बदलताना नावही बदलू शकते. टाके जुन्याच भोकांतून गेले आहेत का, ते पाहा.

मग टोपी उजेडासमोर धरा. अस्तर सैल असेल तर ते बाजूला करून आतून मोबाईलचा दिवा लावा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर कसर लागून गेली आहे. ठिपके दोन-चार असतील तर घ्यायला हरकत नाही. चाळणी झाली असेल तर सोडून द्या. शेवटी घुमटावर नखाने टिचकी मारा. सलग, घट्ट ‘टक्’ आवाज चांगला. एखाद्या जागी ‘खरर्’ असा फुटका आवाज आला तर तिथे तडा आहे, बाहेरून दिसत नसला तरी.

माप

भुवयांच्या वर एक बोट आणि कानांच्या वरून टेप फिरवा. ५७ सेंटीमीटर म्हणजे ब्रिटिश ७, आणि अमेरिकन सव्वासातच्या आतले एक घर, म्हणजे सात पूर्णांक एक अष्टमांश. एका घरामागे, म्हणजे मापाच्या एका पायरीमागे, साधारण एक सेंटीमीटर फरक पडतो. ऑनलाइन घेताना माप कोणत्या पद्धतीचे आहे ते विचारा. शक्य तर घामपट्टीच्या आतला घेर सेंटीमीटरमध्ये मागा. जुन्या टोप्या बऱ्याचदा लहान मापाच्या असतात. मऊ फेल्ट ताणता येतो, बाउलर जवळजवळ ताणता येत नाही. एक घर मोठी मिळाली तर उत्तम: घामपट्टीच्या मागे फोमची पातळ पट्टी सरकवली की काम होते. लहान असेल तर नाद सोडा, मग ती कितीही सुंदर असो.

परदेशातून मागवताना आयात शुल्क आणि वाहतूक धरूनच किंमत ठरवा. विक्रेत्याला एका खोक्यात दुसरे खोके घालायला सांगा, घुमटाच्या आत आणि भोवती कागद भरलेला असावा. टोपी काठावर टेकवून पाठवली तर वाटेत काठाची वळणे चपटी होतात. ती पूर्ववत करणे हे सर्वांत कठीण काम.

घरी आल्यावर पहिले दोन आठवडे

टोपी थेट कपाटात ठेवू नका. कसरीची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर पूर्ण दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. उघडलीत तर हवेतले बाष्प थेट गार फेल्टवर बसते. बंद राहिली तर ते पिशवीच्या बाहेरच थांबते.

हातमोजे आणि मास्क वापरा. पूर्वी केसांचा फेल्ट करताना पाऱ्याचे क्षार वापरत. अमेरिकेत हे १९४१ मध्ये थांबले. त्यामुळे जुन्या टोपीत पाऱ्याचे अंश असू शकतात. वाफ द्यायची तर खिडक्या उघडून, आणि स्वयंपाकघरात नको.

साफसफाई

घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश घ्या. काळ्या टोपीसाठी वेगळा, करड्या-तपकिरीसाठी वेगळा. वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने, डावीकडून सुरुवात करून, हलक्या हाताने फिरवा. फेल्टचा लव त्याच दिशेला बसवलेला असतो. उलट घासला की टोपी मळकट दिसू लागते आणि लोक मग ती ‘धुवायला’ निघतात. पाण्याने धुवू नका.

सॅनिटायझर, अत्तर किंवा स्पिरिट लावलेला बोळा टोपीजवळ नेऊ नका. लाख विरघळून पृष्ठभागावर येते आणि चिकट, चकचकीत डाग राहतो. काचा पुसण्याच्या अमोनियावाल्या द्रवाचेही तेच. तेलकट डागावर टिपकागद ठेवून हाताने दाबा, कागद बदलत राहा. मुलतानी माती पांढऱ्या कापडावर गुणकारी आहे, पण काळ्या फेल्टमधून ती पुरती निघत नाही. रंग उडून हिरवट-तपकिरी झाला असेल तर तो तसाच राहू द्या. बुटाच्या पॉलिशने काळी केलेली टोपी दुरून चांगली आणि जवळून वाया गेलेली दिसते.

पोचा काढणे

लाख साधारण ७० अंशांच्या आसपास मऊ पडते. याचाच उपयोग करायचा. किटलीच्या तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटरवर पोचा धरा, १० सेकंद वाफ द्या, मग आतून लाकडी पळीच्या गोल पाठीने हळूहळू बाहेर ढकला. थंड होऊन कडक होईपर्यंत हात काढायचा नाही, बहुतेकांची चूक इथेच होते. एका वेळी पोचा पूर्ण निघाला नाही तर दहा मिनिटे थांबून पुन्हा करा. एकदम जास्त वाफ दिली तर लाख आतून वर येते आणि पांढरट थर बसतो. पोच्याच्या कडेला तडा असेल तर वाफ देऊ नका, तडा आधी जोडा.

तड्याचे काम आतून होते. अस्तर वरच्या टाक्यांतून सोडवा. इतवारीत रंगाच्या किंवा पॉलिशच्या दुकानात चपडा लाख (लाखेचे पातळ पापुद्रे) आणि पॉलिशचे स्पिरिट मिळते. काचेच्या बाटलीत १०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये १५ ग्रॅम चपडा टाकून रात्रभर ठेवा, मधून मधून हलवा आणि मलमलीतून गाळा. एक थेंब काचेवर टाकून पाहा. दुसऱ्या दिवशीही चिकट राहिला तर चपडा जुना झाला आहे, नवा आणा. तड्यापेक्षा दोन्ही बाजूंना एक सेंटीमीटर मोठा मलमलीचा तुकडा घ्या, द्रावणात बुडवा, पिळून जवळजवळ कोरडा करा आणि आतून चिकटवा. ओला लावला तर स्पिरिट जुन्या लाखेला विरघळवत बाहेरच्या बाजूपर्यंत पोहोचते. चोवीस तासांनी ब्रशने एक पातळ हात द्या. जवळ आग, गॅस किंवा उदबत्ती नको.

हे काम जुलै-ऑगस्टमध्ये हाती घेऊ नका. दमट हवेत वाळणारी लाख पांढुरकी पडते. दिवाळीनंतर माघापर्यंतची कोरडी, थंड हवा याला सर्वांत योग्य.

घामपट्टी आणि फीत

चामडे बोटाला लाल भुकटी सोडत असेल तर त्याला तेल पाजून काही होणार नाही, ते मेले आहे. तेल उलट फेल्टमध्ये उतरते आणि कायमचा डाग पडतो. पट्टी काळजीपूर्वक उसवा, तिच्यावरून कागदी नमुना काढा आणि चपलाकाराकडून ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचे मेंढीचे किंवा शेळीचे चामडे तसेच कापून घ्या. शिवताना जुनीच भोके वापरा, हातशिलाईच करा. नव्या भोकांची रांग म्हणजे कडक फेल्टला फाटण्यासाठी आखून दिलेली रेघ. जुनी, ठसा असलेली पट्टी फेकू नका, पाकिटात घालून टोपीबरोबर ठेवा.

फितीसाठी आडव्या उंचवट्याची ग्रोसग्रेन फीत लागते. सूत-रेयॉनची फीत वाफेच्या इस्त्रीने घुमटाच्या वळणावर बसते, पॉलिएस्टरची बसत नाही आणि वरची कड उभी राहते. गांधीबाग-इतवारीत लेस-फितींच्या दुकानात विकत घेण्याआधी बोटभर तुकडा मागून इस्त्री फिरवून पाहा. डिंक कुठेही नको, चार-पाच टाके पुरेत.

नागपूरची हवा

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतली हवा लाख मऊ होण्याइतकी तापते. मागच्या काचेपाशी ठेवलेली टोपी संध्याकाळपर्यंत आपल्याच वजनाने बसते. घरात धोका वेगळा: कूलर. बाहेर कोरडे ऊन, आत खसच्या टट्ट्यांतून आलेली ओली हवा, रात्री कूलर बंद झाला की पुन्हा कोरडे. या ओढाताणीत फेल्ट फुगतो-आकसतो आणि ठिसूळ लाखेला बारीक तडे जातात. कूलरच्या झोतात असलेल्या खोलीत टोपी ठेवूच नका. घरातली आतली, उत्तरेकडची खोली बरी.

पावसाळ्यात बुरशीची भीती. दोनेकशे रुपयांच्या आसपास छोटा आर्द्रतामापक मिळतो, तो खोक्यात ठेवा. आकडा ६० च्या वर राहिला तर सिलिका जेलच्या पुड्या वाढवा आणि आधीच्या पुड्या ओव्हनमध्ये कोरड्या करून घ्या. डांबराच्या गोळ्या ठेवल्याच तर टोपीला चिकटू देऊ नका. कडुलिंबाच्या पानांवर एकट्यावर विसंबू नका.

टोपी खुंटीला अडकवू नका आणि काठावर टेकवू नका. घुमट खाली करून, मऊ धुतलेल्या सुती साडीच्या गोल कड्यात बसवा, म्हणजे काठ अधांतरी राहतो. आत कागद भरायचा तर वर्तमानपत्र नको, शाई अस्तराला लागते. महिन्यातून एकदा बाहेर काढून ब्रश फिरवा आणि घामपट्टीच्या मागे पाहा. कसर पुन्हा येते ती तिथूनच.